कोपऱ्याला हळद लागलेले शब्द

अठरा मे. सकाळचे आठ वाजले असतील, मी मागच्या पडवीत चुलीवर मैद्याची खळ शिजवत होते. खळ शिजवताना हात थांबवला की गुठळ्या होतात, म्हणून एका हाताने पळी फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठे उन्हात सरकवत होते. सोनलची चाळीस शब्दांची कार्डं हाताळून हाताळून मऊ पडली होती, ती पुठ्ठ्यावर चिकटवायची होती. तारीख नेमकी आठवते, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर भावोजींनी दोन जूनला निळ्या पेनाने गोल केला होता आणि आमच्या घरात जो तो येताजाता उरलेले दिवस मोजत होता. त्या सकाळी पंधरा उरले होते.

पेणजवळ जोह्याला आमचं घर आणि बाबांचा गणपतींचा कारखाना एकाच छपराखाली होता. पुढचा मोठा भाग गणपतींचा, मागच्या दोन खोल्या आमच्या. उन्हाळा म्हणजे कामाची घाई. सकाळपासून पॉलिश पेपरची खरखर चालू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. त्या खरखरीत बोलायचं तर जरा वरच्या पट्टीत, त्यामुळे आम्ही सगळेच आजही मोठ्याने बोलतो आणि पुण्यामुंबईकडच्या लोकांना आम्ही भांडतोय असं वाटतं. प्लास्टरची पांढरी पूड सगळीकडे बसायची. आई तांदळाच्या भाकऱ्या थापून झाल्या की त्यांवर फडकं टाकायची, फडक्यावर परात आणि परातीवर पुन्हा फडकं. तरी वालाचं बिरडं खाताना दाताखाली कधीतरी कचकन लागायचंच. बाबा म्हणायचे, "देवाच्या अंगची हाय, खावा." त्या पुडीचं, त्या खरखरीचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. आता कारखाना भावाच्या मुलाकडे आहे, त्याने घासायला यंत्र घेतलं आहे. मी गेले की दारात उभी राहून कान देते आणि हवा तो आवाज येत नाही.

सोनल माझ्या थोरल्या बहिणीची, शोभाताईची मुलगी. शोभाताई काविळीने गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, रोह्याला राहायचे आणि धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होते. रात्रपाळीच्या माणसाने दीड वर्षाचं मूल सांभाळायचं कसं, म्हणून आईने तिला कडेवर घेतलं आणि जोह्याला आणलं. मी तेव्हा शाळेत होते. पुढे बारावी झाले आणि घरीच राहिले, तेव्हा सोनल आपोआप माझी झाली. न्हाऊ मी घालायची, वेणी मी घालायची, झोपायला ती माझ्याच गोधडीत. भावोजी दर दुसऱ्या रविवारी यायचे, केळी आणि बिस्किटं आणायचे, मुलीला मांडीवर घ्यायचे आणि काय बोलावं हे न सुचून तिच्या फ्रॉकची बटणं लावत बसायचे. दोन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. वैशालीत खोट काढायचा आईने पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. बाई साधी होती, सोनलला हसून जवळ घ्यायची, आमच्या घरात आली की न सांगता भांड्यांना बसायची. त्याने आईला जास्तच राग यायचा.

त्या वर्षी सोनलला पहिलीत घालायचं होतं. भावोजींनी रोह्याची एक शाळा मनात धरली होती. तिथल्या बाई नाव घालण्याआधी मुलाला समोर बसवून ओळखीचे चार शब्द वाचायला देतात, असं त्यांना कळलं होतं. ते आईसमोर पाटावर बसून म्हणाले, "हे बघा, मी जबरदस्ती करनार नाय. तिचं नाव लागलं तर मी तिला घेऊन जातो. नाय लागलं तर राहू दे तुमच्याकडं, हितल्या शाळेत घाला, पुढच्या वर्षी बघू." आई म्हणाली, "व्हय व्हय." ते गेल्यावर चूल फुंकता फुंकता म्हणाली, "नाय लागलं तर बरं." आणि मग, मी ऐकलं हे लक्षात आल्यावर, "लाकडं ओली हाईत," असं काहीतरी पुटपुटली.

मी मात्र त्या कामाला कंबर कसून लागले होते. आदल्या वर्षी पेणला बालवाडीच्या ताईंसाठी आठ दिवसांचं शिबिर झालं होतं, त्याला मी नुसती हौस म्हणून गेले होते. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, की लहान मुलाला आधी अ-आ-इ-ई घोकायला लावू नका. त्याच्या रोजच्या बोलण्यातला अख्खा शब्द डोळ्यांसमोर धरा, पुन्हा पुन्हा धरा. माणसाचा चेहरा ओळखतात तसा तो ओळखू येईल. अक्षरं नंतर फोडता येतात. मला ते पटलं. मी घरभर शब्द लिहिले. दारावर ‘दार’, माठावर ‘माठ’, कारखान्यातल्या एका मोठ्या कच्च्या मूर्तीवर ‘कान’, ‘सोंड’, ‘पोट’. पनवेलचं एक गिऱ्हाईक मूर्ती ठरवायला आलं तर ते बाबांना म्हणालं, "ओ दादा, तुमच्या कारागिरांना सोंड कुठली ते लिहून द्यायला लागतं काय?" बाबा त्या दिवशी मला काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी ‘पोट’ त्यांनी स्वतः ओला फडका घेऊन पुसून काढलं.

मग कार्डं केली. कागद विकत आणायची आमच्याकडे पद्धत नव्हती आणि गरजही नव्हती. लग्नपत्रिका ढिगाने यायच्या. बाबांचं गिऱ्हाईक गावोगाव, त्यामुळे गडबपासून डोलवीपर्यंत कुणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिका आमच्या दारात. जाड, गुळगुळीत, मागची बाजू कोरी. एका पत्रिकेचे चार तुकडे केले की चार कार्डं. शाईपेनाने ठसठशीत लिहिलं: पाणी, घर, भात, मासा, आजी, ताई, दिवा, बस. सोनल झपाट्याने शिकली. दीड महिन्यात चाळीस शब्द. मी कार्ड धरायचा अवकाश, ती ओरडायची. बाबा मूर्तीला पाणी मारता मारता कारागिरांना म्हणायचे, "बघा, पाच वर्षांची हाय. तुमी अजून सही करताना जीभ बाहेर काढता." भावोजी एका रविवारी आले, चाळीसच्या चाळीस ऐकले आणि उठून कॅलेंडरवर शाळेत न्यायच्या तारखेला गोल केला.

तर खळीचं सांगत होते. ती पातळ झाली. पहिली दोन कार्डं चिकटवली तर शाई फुटून पसरली. मी ती बाजूला टाकली, साडीच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा कापला, त्यावर पुन्हा ‘पाणी’ आणि ‘घर’ लिहिलं आणि सोनलला हाक मारली. ती आली, बघितलं, मान हलवली.

"हे नवीन हाय?"

"नवीन कुठलं? तुझंच तर आहे. वाच."

"माझं नाय. माझ्या पाणीला कोपऱ्यात लाल हाय."

मला आधी कळलंच नाही. मग जुन्यांतलं एक उचललं, ‘भात’. तिने लगेच सांगितलं. मी कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि पुन्हा धरलं. ती वाकून बघायला लागली, माझ्या हाताशी झटापट करायला लागली. "मावशी, अंगठा काढ."

आमच्याकडे लग्नपत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना ओलं हळदीकुंकू लावून ती देतात. त्याचा डाग मागच्या बाजूला फुटतो. कुठे हळद जास्त, कुठे कुंकू, कुणाचं बोट मोठं, कुणाचं लहान. चार तुकडे केले की प्रत्येक कार्डाच्या वाट्याला एक कोपरा. सोनलने चाळीस डाग पाठ केले होते. अक्षराकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं, बघायची गरजच पडली नव्हती. मी एकेक कार्ड कोपरा झाकून धरत गेले. चाळीसमधला एकही आला नाही. दीड महिना मी त्या पोरीला काय शिकवत होते, तर कुठल्या घरच्या बाईने कुंकवाचं बोट कसं टेकवलं ते.

मी चुलीजवळ तशीच बसून राहिले. आई कैऱ्या चिरत होती, तिने सगळं बघितलं होतं. सोनल बाहेर पळाल्यावर तिने विळी पायाने सरकवली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"मंदे, गप रव. कोनला सांगू नको."

"अगं पण तिकडच्या बाई त्यांचीच कार्डं दाखवतील. हिला एक येणार नाही."

"मग नाय येनार. ती काय मरत नाय. हितं ऱ्हाईल." आईने माझ्या मनगटाला धरलं. तिच्या हाताला कैरीचा चीक होता. "माझी एक गेली गो रोह्याला आन परत आली नाय. दुसरी नको धाडू."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मला काहीच वाईट करायचं नव्हतं. नुसतं काही करायचं नव्हतं. खळ फेकून दिली, शाई फुटलेली दोन धरून सगळी कार्डं डब्यात भरली. चार दिवस मी सोनलला तीच जुनी कार्डं दाखवली, ती चाळीस शब्द ओरडली, बाबा खूश झाले. रात्री ती माझ्या पोटावर पाय टाकून झोपली की मी मनात पुढचं वर्ष मांडायची. जोह्याची शाळा, माझ्या हातची वेणी, पावसात तिला पाठुंगळी घेऊन जाणं. पन्नाशी उलटली तरी ते वर्ष, जे आलंच नाही, ते मला जे आलं त्या वर्षांपेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी होते, पेणहून बाबांचा रंग यायचा होता. शेजारच्या आळीतली तीन-चार मुलं तिथे गोट्या खेळत होती. गाडी आली आणि कंडक्टरने परतीची पाटी लावली. सोनलला वाचणारी म्हणून गावात नाव झालं होतं, तेव्हा एकजण म्हणाला, "सोनू, गाडीवर काय लिवलंय सांग." ती छाती पुढे काढून उभी राहिली. पाटीकडे बघितलं. पाटीचे चारही कोपरे नीट बघितले, तिथे कुंकवासारखा तांबूस गंज होता. आणि ठणकावून म्हणाली, "मासा!"

पाटीवर ‘पेण’ लिहिलं होतं. पोरं जमिनीवर लोळून हसली. "मासा चालला पेणला! खोटारडी! हिला वाचता येत नाय!" कंडक्टरही हसला. सोनल रडली नाही. घरी येईपर्यंत माझं बोट धरून गप्प चालली, आणि दाराशी आल्यावर म्हणाली, "मावशी, माझे शब्द घरातच का ऱ्हातात? बाहेर का नाय येत?"

मी त्याच पावली डबा काढला आणि चाळीस कार्डं चुलीत घातली. आई "अगो, अगो," करत धावली, मग थांबली. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. उलट सोनलशी दुप्पट बोलायची, मला ऐकू जाईल असं.

अकरा दिवस होते. आता एकही शब्द एकाच जागी दोनदा लिहायचा नाही असं मी ठरवलं. कारखान्याच्या जमिनीवर सांडलेल्या प्लास्टरच्या पुडीत बोटाने ‘पाणी’. अंगणात कोळशाने ‘पाणी’. न्हाणीच्या दगडावर ओल्या बोटाने ‘पाणी’, वाळायच्या आत वाच. तिच्या पाठीवर बोट फिरवून ‘घर’. बारीक, मोठं, वाकडं, माझ्या अक्षरात, बाबांच्या अक्षरात. बाबा गणपतीचे डोळे आखायचे त्या बारीक कुंचल्याने फुटक्या मूर्तींच्या तुकड्यांवर शब्द लिहून द्यायचे आणि विचारायचे काहीच नाहीत. मी का घाई करतेय, आई का बोलत नाही, काही नाही. फक्त एकदा म्हणाले, "डोळे आखायला शिकताना पन पोरगं पहिल्यांदा मुकुटाकडंच बघतं. मान धरून खाली वळवायला लागते."

सोनलची खोड जाईना. नवा शब्द आला की ती आधी कडेला बघायची, कडेला काही नाही मिळालं की माझ्या तोंडाकडे. ओठ हलतात का, भुवई वर जाते का. मग मी तिच्या मागे बसायला लागले. "माझ्याकडे नाही, आजीकडे नाही, कुणाकडे नाही. अक्षराकडे बघ. तिथंच आहे सगळं." पहिले तीन दिवस एकही शब्द टिकला नाही. ती चिडली, मला चावलीसुद्धा. चौथ्या दिवशी ‘मासा’ आणि ‘माठ’ शेजारी लिहिले तेव्हा तिने दोघांच्या ‘मा’वर एकेक बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे दोगं भाऊ." मी मागे बसले होते म्हणून बरं. माझं तोंड त्या वेळी बघण्यासारखं नव्हतं. तिथून पुढे ती धावत सुटली. भाऊ शोधायचा नादच लागला तिला. पत्र्याच्या डब्यावर, काड्यापेटीवर, रंगाच्या गोणीवर.

दोन जूनला सकाळी मी उठले तर दाराशी पिशवी भरलेली होती. सोनलचे सगळे फ्रॉक, घडी घालून, आणि वर पोह्याच्या पापडांचं पुडकं सुतळीने बांधलेलं. आई गोठ्यात होती. मी गोठ्याच्या दारातून "येतो," म्हटलं. तिने सोनलला जवळ घेऊन गालावरून हात फिरवला आणि पुन्हा शेण भरायला लागली.

पेणहून रोह्याची गाडी धरली. शाळेच्या दारात भावोजी आणि वैशाली उभी होती. भावोजींनी शर्टाला इस्त्री केली होती, आणि घाम पुसून पुसून तिची वाट लावली होती. बाई वयस्क होत्या, शांत. सोनलला समोर खुर्चीत बसवलं, आम्हा तिघांना मागे बाकावर. पहिलं कार्ड टेबलावर ठेवलं तसं सोनलने ते उचललं आणि उलटं करून बघितलं.

"काय बघतेस गं?" बाईंनी विचारलं.

"मागं काय नाय ना, ते."

बाई हसल्या. सोनलने कार्ड सरळ केलं. घर. मासा. दिवा. पाटी अडली, मग तिने ‘पा’वर बोट ठेवलं, ओठ हलले, आणि आली. बाईंनी पाचवं कार्ड ठेवलं. त्यावर ‘आई’ लिहिलं होतं. हा शब्द मी तिला कधी दाखवला नव्हता. का नाही दाखवला, ते मला तेव्हाही माहीत होतं. बाकावर वैशालीने पदराचं टोक मुठीत धरलं. सोनलने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे आजीतलं." दुसऱ्यावर ठेवलं. "हे ताईतलं." मग दोन्हींवरून मिळून बोट फिरवलं. "आई," ती म्हणाली, आणि बाईंनी वहीत नाव लिहायला घेतलं.

भावोजींच्या खोलीवर चहा झाला. ते म्हणाले, "शाळेला अजून दहा दिवस हाईत. आजच ठेवू या काय? रुळेल तवर." माझ्याकडे बघत होते, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी म्हटलं, "ठेवा." पिशवी दिली, पापड वैशालीच्या हातात दिले. वैशालीने सोनलला फ्रीज उघडून दाखवला, बर्फाचा एक खडा तिच्या हातावर ठेवला. आमच्याकडे फ्रीज नव्हता. मी निघाले तेव्हा तो बर्फ तिच्या तोंडात होता, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही. तिने हात हलवला.

सोनल आता पनवेलला असते. दर गणपतीला येते, तिची मुलगी माझ्या चष्म्याशी खेळते. वैशालीला ती आई म्हणते, तेच बरोबर आहे. माझी कशाबद्दलही तक्रार नाही. पुढे मी अंगणवाडीत पुष्कळ वर्षं काढली, कितीतरी मुलांना अक्षरांपर्यंत नेलं आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच झालं, मूल वाचायला लागलं की जातं. कामच तसं आहे. फक्त त्या मुलांपैकी कुणी माझ्या पोटावर पाय टाकून झोपत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तर बाबांनी विचारलं, "लागलं नाव?" मी म्हटलं, "लागलं." त्यांनी मान हलवली आणि साचा बांधायला घेतला. आईने ताट वाढलं. भात, सुकटीचं कालवण. काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूळपेरणीला जायचं होतं. पावसाआधी कोरड्या मातीत भाताचं बी टाकून ठेवतात, त्याला दोन माणसं लागतात. आईने बियाण्याची टोपली उचलली आणि माझ्याकडे न बघता चालायला लागली. मी फावडं घेऊन मागून गेले. दोन वाफे झाले. ती बी फेकत पुढे, मी माती ओढत मागे. तिसऱ्याच्या तोंडाशी ती थांबली. बारा दिवसांनंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"काय काय वाचाया दिलान त्या बाईनं?"

"घर. मासा. दिवा. पाटी."

"इतकंच?"

"आणि आई."

तिने टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "वाचलान?"

"वाचलान."

"तवा कोनाकडं बघितलान? वैशालीकडं, का तुझ्याकडं?"

"कार्डाकडं," मी म्हटलं. "दुसरीकडं कुठंच नाही."

आईने मूठभर बी घेतलं आणि वाफ्यात फेकलं. तिच्यामागे मी माती ओढत गेले, आणि उन्हं चढायच्या आत आम्ही उरलेले वाफेही उरकून घेतले.